पान किती तास ओले होते?

ऑक्टोबर छाटणी उरकली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. पोंगा उघडतो, कोवळी फूट निघते, इवलेसे घड दिसू लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत परतीचा पाऊस रेंगाळत असतो. २०१९ साली ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे अरबी समुद्रात घोंघावत होती. नाशिक जिल्ह्यात पाऊस थांबेचना. डाऊनी या रोगाने पाने आणि घड धरले, मणी कुजले, बागाच्या बागा हातच्या गेल्या. अशा नुकसानीची चर्चा नेहमी पावसाच्या मिलिमीटरमध्ये होते. रोगाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आकडा वेगळाच आहे : पान सलग किती तास ओले राहिले?

दुपारी पन्नास मिलिमीटर पाऊस पडून लगेच कडक ऊन आणि वारा आला, तर पाने तासाभरात सुकू शकतात. उलट एक थेंबही न पडलेल्या निरभ्र रात्री दवाने भिजलेली पाने सकाळी नऊपर्यंत ओली असू शकतात. पर्जन्यमापक पहिल्या दिवशी मोठा आकडा दाखवतो, दुसऱ्या दिवशी शून्य. धोका मात्र दुसऱ्या दिवशी जास्त असू शकतो.

याचे कारण डाऊनीच्या जगण्यात आहे. हिचे शास्त्रीय नाव प्लास्मोपारा व्हिटिकोला. दमट, अंधाऱ्या रात्री पानाच्या खालच्या बाजूला तिची पांढरी लव उगवते. त्या लवेतले बीजाणू वाऱ्याने दुसऱ्या पानावर जातात. तिथे पाण्याचा पातळ थर मिळाला, तर एकेका बीजाणूतून शेपटीवाले सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि पाण्यातून अक्षरशः पोहत पानाच्या रंध्रापर्यंत पोहोचतात. पाणी नसेल तर हा प्रवासच होत नाही. वीस ते पंचवीस अंश तापमान असेल तर दोन-तीन तासांची ओलही त्यांना पुरते. शेतकऱ्याला पानावर तेलकट डाग दिसतो तो साधारण आठवडाभराने. म्हणजे रोग शिरला ती रात्र केव्हाच मागे पडलेली असते, आणि त्या रात्रीची नोंद कुणाकडेच नसते.

ओल आणि तापमान यांची अशी सांगड घालण्याचे काम जुने आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या डब्ल्यू. डी. मिल्स यांनी १९४४ साली सफरचंदावरील स्कॅब रोगासाठी एक तक्ता प्रसिद्ध केला. १० अंश तापमानाला सुमारे १४ तास पाने ओली राहिली तर रोग लागतो. १६ ते २४ अंशांना सुमारे ९ तास पुरतात. बागायतदाराने तास मोजायचे, तापमान पाहायचे आणि तक्त्यात बोट ठेवायचे. अडचण एवढीच, की रात्रभर पानाशेजारी बसून तास मोजणार कोण? त्यासाठी ओलीने लांबी बदलणाऱ्या दोऱ्यांची यंत्रे निघाली. दुवदेवानी या संशोधकाने रंगवलेल्या लाकडी ठोकळ्यावर दव मोजण्याची पद्धत बसवली.

आजचा लीफ वेटनेस सेन्सर हे काम विजेवर करतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात एका पातळ पट्टीवर धातूच्या बारीक रेषा एकमेकींत गुंफलेल्या असतात, पण त्या एकमेकींना टेकत नाहीत. पाण्याचा थेंब दोन रेषांवर बसला की विजेला वाट मिळते आणि रोध घटतो. मात्र दवाचे अगदी बारीक थेंब दोन रेषांच्या मधल्या जागेत बसले, तर उघडी पट्टी त्यांना ओळखतच नाही. १९७८ साली कॅनडात गिलेस्पी आणि किड यांनी पट्टीला लॅटेक्स रंगाचा हात दिला. रंगाच्या थरात ओल पसरते आणि बारीक दवही पकडले जाते. सेन्सरच्या अचूकतेत रंगाच्या डब्याचा एवढा वाटा असावा, ही विज्ञानातली फार सुंदर गोष्ट आहे.

दुसरा प्रकार पानासारख्या आकाराच्या, एक मिलिमीटरहूनही पातळ फायबरग्लासच्या पट्टीचा. तो पृष्ठभागालगतच्या जागेचा विद्युत-पारकता अंक मोजतो. हवेचा हा अंक सुमारे १, तर पाण्याचा सुमारे ८०. एवढ्या मोठ्या फरकामुळे किंचितशी ओलही लपत नाही. पट्टी पातळ ठेवण्यामागेही विचार आहे. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होते आणि म्हणूनच त्यावर दव धरते. पट्टी जाड असेल तर ती उशिरा थंड होईल, उशिरा भिजेल आणि सकाळी उशिरा सुकेल. तिचे तास मग पानाच्या तासांशी जुळणार नाहीत.

म्हणूनच सेन्सर कुठे आणि कसा लावला, यावर अर्धा खेळ अवलंबून असतो. तो मांडवाच्या किंवा वाय पद्धतीच्या बागेत पानांच्या उंचीवर हवा. बांधावरच्या खांबाला टांगलेला सेन्सर फक्त बांधाची ओल सांगेल. पट्टी तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरकी ठेवतात, नाहीतर पाणी तळ्यासारखे साचून राहते. आपल्याकडे तिचे तोंड उत्तरेला ठेवण्याची रीत आहे. दक्षिणेला ठेवली तर ऊन तिला पानांच्या आधी सुकवून टाकते. धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि फवारणीचे डाग वरचेवर पुसावे लागतात. बोर्डो मिश्रणाचा थर चढलेली पट्टी कोरडी असूनही ओली दाखवू शकते. ही साफसफाई कंटाळवाणी वाटते, पण ती सोडली तर महागडे यंत्र खोटे बोलू लागते.

नोंदी हाती आल्यावर निर्णय कसा बदलतो? बोर्डोसारखी स्पर्शजन्य औषधे पान भिजण्याआधी पानावर असावी लागतात. रोग आत शिरल्यावर त्यांचा उपयोग नाही. तेव्हा आंतरप्रवाही औषध लागते आणि तेही थोड्याच दिवसांच्या आत. काल रात्री पाने सात तास ओली होती आणि तापमान वीस अंश होते, एवढे कळले तर बागायतदार कोणते औषध आणि आज की उद्या, हे ठरवू शकतो. त्याहून मोठा लाभ उलट दिशेचा आहे. चार रात्री पाने कोरडी राहिली असतील तर भीतीपोटी होणारी फवारणी टाळता येते. डिझेल, मजुरी, औषध वाचते आणि मण्यांवरचे अवशेषही घटतात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात अडकलेली भारतीय द्राक्षे निर्यातदार अजून विसरलेले नाहीत.

फ्लोरिडातील स्ट्रॉबेरी उत्पादकांनी ही वाट आधीच चोखाळली आहे. तिथल्या विद्यापीठाने हवामान केंद्रांवरील पानांच्या ओलीचे तास आणि तापमान यांवरून करपा व फळकूज यांचा इशारा देणारी व्यवस्था उभारली. ठरलेल्या वारी फवारण्याऐवजी इशाऱ्यानुसार फवारल्यावर चांगल्या हंगामात फवारण्या निम्म्यापर्यंत उतरल्याचे चाचण्यांत दिसले, आणि उत्पादनात घट आली नाही. टोमॅटोसाठी ‘टॉमकास्ट’ ही पद्धत अशीच ओलीच्या तासांना गुण देते आणि गुणांची बेरीज ठरावीक आकड्यावर गेली की फवारणी सुचवते.

सेन्सर सगळ्या रोगांवर चालत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगाच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी लागत नाही. कोरड्या पानावर, दमट हवेत ती मजेत वाढते. ओलीचा आकडा शून्य पाहून निर्धास्त राहणाऱ्याची बाग भुरी गाठू शकते. बाहेरच्या देशात ठरलेले उंबरठेही जसेच्या तसे उचलणे धोक्याचे. नाशिकच्या थॉमसन द्राक्षाच्या बागा आणि सांगली-तासगावच्या बागा यांचे हवामान, छाटणीची वेळ, वेलींची दाटी निराळी. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याशी आपल्या नोंदी ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांवर पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद होते. पानावरची ओल मात्र कालव्याकाठच्या बागेत वेगळी आणि माळावरच्या बागेत वेगळी असते, ती बागेतच मोजावी लागते. दोन एकरवाल्याने एकट्याने हा खर्च उचलावा असे नाही. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा सोसायटीने सखल, मध्यम आणि उंच अशा तीन बागा निवडून तिथे सेन्सर लावावेत, रोज सकाळी ओलीचे तास सर्वांच्या मोबाइलवर पाठवावेत आणि पट्टी पुसण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. हे काम छाटणीची कात्री बागेत जाण्याआधी, सप्टेंबरातच उरकून घ्या.