स्थिर आवृत्तीचे अस्थिर नाव : डेबियन लिनक्सवरील पॅकेज-व्यवस्थापकाची मांडणी

ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण, शब्दवारंवारतेची गणना, संख्याशास्त्रीय परीक्षा इत्यादी कामांसाठी भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला आज संगणकाचा आश्रय घ्यावाच लागतो. ही कामे डेबियन लिनक्सवर होत असतील, तर प्राट, आर, टेक यांसारख्या आज्ञावली त्या यंत्रावर कोठून आल्या आणि त्यांची नेमकी कोणती आवृत्ती बसविली गेली, या प्रश्नांची उत्तरे एपीटी नामक पॅकेज-व्यवस्थापकाच्या दोन-चार लहानशा फायलींत असतात. त्या फायली सहसा कोणी वाचीत नाही. एखादी सूचना कोठूनतरी उतरवून घ्यावयाची, ती चालली की विसरून जावयाचे, असा प्रघात आहे. दोन वर्षांनी तीच सामग्री वेगळी उत्तरे देऊ लागली, म्हणजे मग त्या फायलींची आठवण होते.

डेबियनचा प्रकल्प इयन मर्डॉक याने 1993 साली आरंभिला. डीपीकेजी हे त्याचे मूळ साधन पुढील वर्षीचे. हाती असलेले पॅकेज उलगडून यंत्रावर बसविणे एवढेच त्याचे काम. एका पॅकेजला दुसऱ्याची गरज असली तर ते तक्रार करी, पण ते दुसरे पॅकेज शोधून आणीत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी एपीटी निर्माण झाले, व मार्च 1999 मधील डेबियन 2.1 या आवृत्तीबरोबर ते प्रसृत झाले. प्रत्यक्ष बसविण्याचे काम आजही डीपीकेजीकडेच आहे; काय बसवावे आणि कोठून आणावे, हे एपीटी ठरविते. मांडणी करावयाची ती या ठरविण्याचीच.

पहिली फाईल स्रोतांची. पूर्वी प्रत्येक स्रोत एका लांबलचक ओळीत लिहीत असत. अलीकडे प्रत्येक बाब स्वतंत्र ओळीत, मथळा व मूल्य अशा रूपाने लिहिण्याची पद्धत रूढ होत आहे, आणि ती वाचावयास सोपी आहे. भांडाराचा पत्ता, आवृत्तीचे नाव, विभाग आणि स्वाक्षरीची किल्ली या तीत नोंदवावयाच्या मुख्य बाबी होत. विभागांविषयी फारसे सांगावयाचे नाही. ‘मेन’ हा मुक्त परवान्याच्या पॅकेजांचा विभाग बहुतेकांना पुरतो. काही यंत्रांतील उपकरणांना 2023 पासून वेगळा काढलेला ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभागही लागतो. सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा स्रोत स्वतंत्र असतो व तो विसरून चालत नाही.

खरी गुंतागुंत आवृत्तीच्या नावात आहे, आणि ती भाषेच्या अभ्यासकाला तत्काळ उमगावी अशी आहे. एकाच आवृत्तीचा निर्देश दोन प्रकारे करता येतो. ‘बुकवर्म’ हे विशेषनाम आहे. ते डेबियन 12 चेच नाव आहे आणि तिचेच राहील. ‘स्टेबल’ म्हणजे ‘स्थिर’ हा शब्द मात्र विशेषनाम नव्हे. येस्पर्सन याने 1922 मध्ये ज्यांना ‘शिफ्टर’ म्हटले, त्या ‘आज’, ‘येथे’, ‘मी’ यांसारख्या शब्दांच्या जातीचा तो आहे. उच्चाराचा क्षण बदलला की त्याचा वाच्यार्थ बदलतो. 10 जून 2023 पूर्वी ‘स्टेबल’ म्हणजे बुल्सआय, त्या दिवसापासून बुकवर्म, आणि 9 ऑगस्ट 2025 पासून ट्रिक्सी. स्थिर या अर्थाचा शब्दच सरकता असावा, ही गंमत खरी. (ही सर्व नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील पात्रांची आहेत. सदैव अस्थिर राहणाऱ्या शाखेला खेळणी मोडणाऱ्या सिड या मुलाचे नाव दिले आहे, आणि ते मात्र कधीच बदलत नाही!)

परिणाम असा की, ज्याच्या स्रोत-फायलीत ‘स्टेबल’ लिहिलेले आहे, त्याच्या यंत्रावर ऑगस्ट 2025 नंतरच्या एखाद्या अद्ययावतीकरणात आर ही आज्ञावली 4.2.2 वरून 4.5.0 वर जाऊन पोहोचते, आणि तिच्याबरोबर इतरही असंख्य पॅकेजे हलतात. भांडाराचे विशेषनाम बदलल्याचे आढळताच एपीटी आता थांबते व स्पष्ट संमती मागते, हे खरे; पण प्रबंधाच्या घाईत असलेला विद्यार्थी प्रश्न न वाचता होकार देतो. यास्तव संशोधनाच्या यंत्रावर विशेषनामच लिहावे.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. पॅकेज बसविताना त्यातील लहान आज्ञा सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतात. तेव्हा एखादे भांडार जोडणे म्हणजे त्याच्या हाती संपूर्ण यंत्र सोपविणेच होय. भांडाराच्या सूचीवरील स्वाक्षरी किल्लीने तपासली जाते. पूर्वी एपीटी-की या साधनाने किल्ली जोडीत, आणि एकदा जोडलेली किल्ली सर्वच स्रोतांसाठी ग्राह्य ठरे. एका गावच्या पाटलाचा शिक्का साऱ्या तालुक्यात चालावा, तसा हा प्रकार. म्हणून ती पद्धत त्याज्य ठरविण्यात आली. आता प्रत्येक स्रोताच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ या मथळ्याखाली त्याची किल्ली लिहावयाची असते. तथापि या बंधनाने सर्व साधत नाही. किल्ली योग्य असलेले परके भांडारही डेबियनमधील कोणत्याही पॅकेजाच्या नावाने अधिक वरच्या क्रमांकाची आवृत्ती पुढे करू शकते, आणि एपीटी ती स्वीकारते.

येथे तिसरी फाईल, म्हणजे पसंतीक्रमाची, उपयोगी पडते. प्रत्येक आवृत्तीला एपीटी एक अंक देते. सामान्य भांडारातील आवृत्तीस 500, यंत्रावर आधीच असलेल्या आवृत्तीस 100, ‘बॅकपोर्ट्स’ भांडारास 100, प्रायोगिक भांडारास 1. ज्याचा अंक मोठा त्याची निवड. अंक समान असल्यास वरच्या क्रमांकाची आवृत्ती. अंक ऋण असेल तर ती आवृत्ती कधीच बसत नाही, आणि 1000 किंवा अधिक असेल तर एपीटी जुन्या आवृत्तीकडे मागेही जाते. हा शेवटचा अंक सहज कोणी वापरू नये.

आरच्या प्रकल्पाचे क्रॅन हे भांडार डेबियनसाठी नव्या आवृत्त्या पुरविते. ते जोडून त्यातील सर्व पॅकेजांना 100 हा अंक द्यावा, आणि ज्यांची नावे ‘आर-’ ने सुरू होतात त्यांना त्याच भांडारासाठी 500. यात सामान्य नोंद व विशेष नोंद यांचा संबंध संस्कृत व्याकरणातील उत्सर्ग-अपवादासारखाच आहे : विशेष नोंद लागू पडली की सामान्य नोंद बाधित होते. भेद इतकाच की, पाणिनीच्या पद्धतीत तुल्यबल नियमांचा विरोध आला असता नंतरचा नियम प्रभावी ठरतो. एपीटीत दोन विशेष नोंदी लागू पडल्या, तर आधीची.

आवृत्त्यांचा क्रम लावण्याचेही एक शास्त्र आहे. अंक संख्या म्हणून वाचले जातात, म्हणून 1.10 ही 1.9 च्या नंतर येते. ‘~’ हे चिन्ह तर सर्वांच्या आधी, किंबहुना शब्दसमाप्तीच्याही आधी येते. मराठी कोशकारांनी ‘क्ष’ व ‘ज्ञ’ कोठे घालावेत यावर एकमत केलेले नाही. येथे मात्र मतभेदास जागा ठेवलेली नाही. क्रॅन आपल्या क्रमांकाच्या शेवटी ‘~’ लावून त्यापुढे ‘बुकवर्म’ हे नाव जोडते, ते याच कारणाने. डेबियनने तोच क्रमांक चिन्हावाचून प्रसिद्ध केला की तो आपोआप वरचढ ठरतो.

मांडणी केल्यावर ‘एपीटी पॉलिसी’ ही आज्ञा पॅकेजाच्या नावासह चालवून अंक पाहावेत, आणि मोठा बदल आधी नुसता अनुकरणरूपाने करवून यादी वाचावी. नोव्हेंबर 2021 मध्ये कॅनडातील यूट्यूब-प्रस्तुतकर्ता लायनस सेबॅस्टियन याने पॉप-ओएस या प्रणालीवर स्टीम ही आज्ञावली बसविण्यासाठी सावधगिरीची सूचना ओलांडून संमतीचे पूर्ण वाक्य टंकित केले, आणि प्रणालीचा सारा चित्रमय पडदाच निघून गेला. मूळ दोष पॅकेजाच्या अवलंबनांत होता. पण काय काय काढले जाणार, ते पडद्यावर लिहिलेलेच होते.

प्रबंधासाठी वापरलेली मांडणी पुढे कोणाला पुन्हा उभी करावयाची असेल, तर डेबियनची ‘स्नॅपशॉट’ ही सेवा आहे. तीत 2005 पासूनच्या भांडाराच्या दिनांकवार प्रती जतन केलेल्या आहेत. स्रोताच्या पत्त्यात दिनांक लिहिला की त्या दिवशीचे भांडार मिळते. त्यात पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या अर्थातच नसतात, म्हणून असे यंत्र वेगळे ठेवावे. काही सूचींवर ग्राह्यतेची मुदत लिहिलेली असते व जुनी प्रत त्यामुळे नाकारली जाते. अशा वेळी मुदतीची तपासणी त्या एका स्रोताच्या नोंदीतच बंद करावी. स्वाक्षरीची तपासणी त्यानंतरही चालूच राहते.