हजार कोटींत एकदाच घडणारी घटना शास्त्रज्ञ पकडतात कशी?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६३ लाख. अशा १,६०० जोड्यांमधून एकच माणूस शोधायचा असेल तर? जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतला ‘एनए६२’ हा प्रयोग असंच काम करतो.

केऑन हा क्षणात फुटणारा सूक्ष्म कण. ‘स्टँडर्ड मॉडेल’ या सिद्धांतानुसार १,००० कोटींत जेमतेम एकदा त्यातून एक पायॉन आणि न्यूट्रिनोंची जोडी निघते.

अडचण काय?

न्यूट्रिनो उपकरणांना न सापडताच निघून जातात. म्हणून आधी केऑनची आणि नंतर पायॉनची गती मोजतात. हिशेबात जे कमी पडतं, ते न्यूट्रिनोंनी नेलेलं. बाकीची उपकरणं पहारा देतात. सोबत फोटॉन किंवा म्युऑन दिसला, की ती नोंद बाद!

हाती काय लागलं?

२०२४मध्ये निकाल जाहीर झाला. २०१६ ते २०२२च्या डेटात अशा ५१ नोंदी सापडल्या. त्यातल्या सुमारे १८ इतर प्रक्रियांमुळे आल्या असाव्यात, असा अंदाज आहे. यावरून प्रमाण निघालं १०,००० कोटींत १३. सिद्धांत सांगतो साधारण ८.

मग सिद्धांत चुकला का? इतक्यात तसं म्हणता येत नाही, कारण मोजमापातली अनिश्चितता अजून मोठी आहे. पण आणखी डेटा आल्यावरही हा फरक टिकला, तर तो आजवर न सापडलेल्या कणांचा सुगावा ठरू शकतो.