आपल्या घरातील ताप, गावाची सुरक्षितता
डास व गोचीड यांमार्फत पसरणाऱ्या रोगांच्या सर्वेक्षणाविषयी नागरिकांसाठी माहिती

आपल्या दारी आशा स्वयंसेविका किंवा आरोग्य सेवक येतात आणि विचारतात, "घरात कोणाला ताप आहे का?" त्या तापाची नोंद होते, आवश्यक असल्यास रक्तनमुना घेतला जातो आणि पाण्याचे पिंप उघडून पाहिले जाते. या चौकशीमागील हेतू समजल्यास आपले सहकार्य अधिक मोलाचे ठरेल.

एका तापाची नोंद कशासाठी?

हिवताप, डेंग्यू, चिकुनगुनिया, जपानी मेंदूज्वर आणि हत्तीरोग हे रोग डासांमार्फत पसरतात. डेंग्यूच्या रुग्णास तापाच्या पहिल्या काही दिवसांत एडिस डास चावला, तर विषाणू त्या डासाच्या शरीरात जातो. सुमारे ८ ते १० दिवसांनी तो डास इतरांना डेंग्यूची लागण करू शकतो. म्हणजेच पहिला रुग्ण आढळल्यापासून पुढील रुग्ण निर्माण होईपर्यंत प्रतिबंधासाठी थोडाच अवधी मिळतो. नोंद वेळेवर झाली तरच या अवधीचा उपयोग होतो. घरीच अंगावर काढलेला ताप मात्र कोणत्याही नोंदवहीत येत नाही आणि आसपासची घरे असुरक्षित राहतात.

माहिती पुढे कोठे जाते?

उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, रुग्णालये व प्रयोगशाळा येथील नोंदी जिल्हा पातळीवर एकत्र केल्या जातात. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षणाचे काम सुरू आहे. एखाद्या गावात किंवा वस्तीत तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा अधिक दिसल्यास पथक तेथे जाऊन नवे रुग्ण शोधते व डासांची उत्पत्तिस्थाने तपासते.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. डेंग्यूसाठी पहिल्या ५ दिवसांत एनएस-१ चाचणी व त्यानंतर आयजीएम प्रतिपिंड चाचणी उपयुक्त ठरते. म्हणून ताप केव्हा सुरू झाला, हा दिवस अचूक सांगावा.

पिंप व कुंड्या का तपासतात?

तपासलेल्या दर १०० घरांपैकी किती घरांत डासांच्या अळ्या आढळल्या, यास घर निर्देशांक म्हणतात. उदाहरणार्थ, ५० घरांपैकी ६ घरांत अळ्या आढळल्यास हा निर्देशांक १२ होतो. रुग्ण वाढण्यापूर्वीच धोका कोठे आहे, हे त्यावरून कळते.

एडिस डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. पाण्याची भांडी रिकामी करून आतील कडा घासाव्यात, कारण तेथे चिकटलेली अंडी कोरड्या स्थितीतही अनेक महिने टिकतात.

गोचीड व माकडताप

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर वनक्षेत्रात माकडे मृत होऊ लागली आणि माणसांतही तीव्र तापाची साथ आली. हा रोग क्यासनूर वनज्वर किंवा माकडताप म्हणून ओळखला जातो. पुढे केरळ, तमिळनाडू, गोवा आणि महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातही त्याचे रुग्ण आढळले.

या रोगाचा विषाणू संसर्गित गोचीड चावल्याने माणसाच्या शरीरात जातो. एका माणसापासून दुसऱ्या माणसास तो होत नाही. डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे काजू-सुपारीच्या बागांची कामे, सरपण व पाला गोळा करणे यांच्या हंगामात, धोका अधिक असतो.

माकड मृत झाल्यावर त्याच्या अंगावरील गोचिडी खाली पडून नव्या प्राण्याच्या शोधात असतात. त्यामुळे मृत माकड ही या रोगाची पहिली सूचना ठरू शकते. त्यास हात न लावता वन, पशुवैद्यकीय किंवा आरोग्य विभागास तत्काळ कळवावे आणि त्या परिसरात जाणे टाळावे.

आपण काय करावे?

- ताप आल्यास त्याच दिवशी आशा स्वयंसेविकेस कळवावे किंवा आरोग्य केंद्रात जावे. मागील काही दिवसांत केलेला प्रवास अथवा जंगलातील वावर आवर्जून सांगावा.
- तापाचे निदान होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो.
- डेंग्यूच्या रुग्णास दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. एडिस डास दिवसा चावतो.
- जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व उघड्या त्वचेस प्रतिबंधक तेल लावावे. परतल्यावर गरम पाणी व साबणाने स्नान करून कपडे धुवावेत.
- चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. ती बोटांनी चिरडू नये. जागा साबणाने धुवावी.

हे विसरू नये

डेंग्यूमध्ये ताप उतरतानाच प्रकृती बिघडू शकते. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्या वा नाकातून रक्त, अतिशय ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. माकडतापात काही रुग्णांना बरे वाटल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप, तीव्र डोकेदुखी किंवा भ्रम होतो. त्या वेळीही त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.

आपल्या घरातील एका तापाची वेळेवर दिलेली माहिती शेजारच्या बालकाचा आजार टाळू शकते. आरोग्य पथक दारी आल्यास त्यास खरी व संपूर्ण माहिती द्यावी.