टीव्हीमागचा ऑफिसचा संगणक

नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या घरी टीव्हीमागे वहीएवढा एक जुना संगणक बसवला आहे. कंपन्या काही वर्षांनी असे संगणक बदलतात आणि ते बर्डीवर सेकंडहँड मिळतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, कोणताही चालेल. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे शेजारपाजारचे विचारायला येतात. त्यांना पहिलं सांगते, किमतीआधी प्रोसेसरची पिढी विचारा.

इंटरनेटवरून चित्रपट येतो तो दाबून लहान केलेला. तो उलगडायला इंटेलच्या चिपमध्ये वेगळी सोय असते. दहा बिटांचा एचईव्हीसी आणि यूट्यूबचा व्हीपी९ या दाबण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी ती सातव्या पिढीपासून पुरी झाली. म्हणजे आय३-७१००टी चालेल. त्याआधीच्या चिपमध्ये यातलं बरंच काम मुख्य प्रोसेसरवर पडतं, तो तापतो, चित्र अडखळतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, हे परवडत नाही. एव्ही१ या पद्धतीसाठी अकरावी पिढी लागते, पण साध्या फुल एचडी टीव्हीला तिच्यावाचून अडत नाही. ८ जीबी रॅम आणि लहानशी एसएसडी पुरे.

विंडोज १०चं नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला आठवी पिढी हवी. म्हणून मी लिब्रेईलेक ही फुकट लिनक्स प्रणाली टाकली. ती सुरू होते तीच कोडी या प्लेयर प्रोग्रॅमच्या पडद्यावर. कोडीचा जन्म एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी झाला, २०१४पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं.

घरात फक्त नेटफ्लिक्स आणि प्राइम बघत असाल, तर मात्र हा खटाटोप करू नका. कॉपीसंरक्षणामुळे लिनक्सवर त्यांचं चित्र सहसा कमी दर्जाचं येतं. त्यापेक्षा टीव्हीला लावायची स्टिक घ्या.

आमचं कारण वेगळं होतं. लग्नामुंजीच्या व्हीसीडी कपाटात पडून होत्या आणि त्या लावायला घरात प्लेयरच उरला नव्हता. व्हीसीडीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, तरी त्यात आजेसासूबाई चालताबोलताना दिसतात. चकत्या खराब होतात, म्हणून यूएसबी ड्राइव्ह आणून सगळ्या उतरवून घेतल्या. हे काम प्रत्येक घराने आताच करावं, असं मला फार वाटतं. व्हीसीडीवरून उतरवलेल्या डीएटी फायली कोडी सरळ चालवतो.

टीव्हीचा रिमोट अशा संगणकाला सहसा चालत नाही, वेगळा यूएसबी रिमोट लागतो. सासूबाईंनी बजावलं होतं, ‘‘बटनं मोठी पाहून आण वं.’’ तसाच आणला.