हत्तीगवत : वेळेवर कापाल तर दावणीला चारा, नाही तर दाराशी जंगल

मूलच्या बाजारात कापडाचा धंदा करताना खेड्यापाड्यांतल्या घरांची सुखदुःखे दुकानदाराला आपोआप कळतात. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना खातेदार मुलीच्या लग्नाचा बस्ता ठरवून गेला. पुढच्याच महिन्यात तो परत आला तो पांढरे कापड मागत. गुरे घेऊन जंगलात गेलेल्या त्याच्या धाकट्या भावाला वाघाने मारले होते. बस्ता वर्षभर पुढे गेला. मी उधारी लिहिली आणि गप्प बसलो.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाढले. ते प्रकल्पाच्या हद्दीत थांबले नाहीत, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या जंगलांत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतही पसरले. जी माणसे हल्ल्यात गेली त्यांतली पुष्कळशी गुरे चारायला, मोहफुले वेचायला, सरपण किंवा तेंदूपाने आणायला गेलेली होती. मोह आणि तेंदू घराजवळ लावून चालत नाही. चारा मात्र लावता येतो. म्हणून आज कापड बाजूला ठेवून गवताबद्दल लिहीत आहे.

आपल्या वाचकांत शेतकरी थोडे, दुकानदार आणि कारागीर जास्त. पण या भागात शिंपीकाम, बांगड्या, भंगार, सायकल दुरुस्ती करणाऱ्या कितीतरी घरांत चारदोन बकऱ्या असतात. मुलांच्या शिक्षणाचा आणि आजारपणाचा खर्च त्याच भागवतात. बकरी ईदला निर्दोष आणि भरलेल्या जनावराला चांगला भाव येतो. पण त्या भावाची तयारी वर्षभर दावणीवर करावी लागते.

हे गवत मूळचे कुठले?

नेपियर, म्हणजेच हत्तीगवत, मूळचे आफ्रिकेतले. बुलावायोच्या कर्नल नेपियर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिकडच्या शेतीखात्याचे लक्ष या गवताकडे वेधले, त्यावरून हे नाव पडले. आपली बाजरीही मुळात आफ्रिकेचीच. या दोघांचा संकर करून आपल्या देशात १९५३ साली कोइमतूरला आणि १९६१ साली दिल्लीच्या पुसा संस्थेत संकरित नेपियर तयार झाले. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि फुले जयवंत, तसेच उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेचे वाण शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत.

व्यापाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संकरित नेपियरला उगवणारे बी धरत नाही. ते कांडीने किंवा ठोंबानेच लावतात. कोणी रंगीत पाकिटात संकरित नेपियरचे बी विकत असेल तर खिशात हात घालू नये. मीही एकदा फसलो, पण बियात नव्हे, कांड्यांत. भारी नाव सांगून एका विक्रेत्याने पोत्यात भरून वाळलेल्या कांड्या दिल्या, त्यांतल्या निम्म्याही फुटल्या नाहीत. कापड घेताना आपण ठाण उलगडून सूत पाहतो. तशीच कांडी हातात घेऊन पाहावी. तीन ते चार महिन्यांच्या जून ताटाचा मधला भाग, दोन-तीन डोळे, डोळे फुगीर आणि आतून ओल, ही चांगल्या बेण्याची खूण. कोवळा शेंडा बेण्याला चालत नाही.

किती जागा, किती कांड्या?

आता हिशेब मांडू. दहा मोठ्या बकऱ्या धरा. बकरी नुसत्या गवतावर राजी नसते, तिला पाला हवा. म्हणून अर्धा हिरवा चारा नेपियरचा आणि अर्धा सुबाभूळ, शेवरी, बोर, बाभळीचा, असे ठरवू. रोज एका बकरीला २ किलो नेपियर म्हणजे आठवड्याला १४० किलो.

पाणी आणि खत असल्यास संकरित नेपियर हेक्टरी वर्षाला २०० टन हिरवा चारा देते असे सांगतात, म्हणजे गुंठ्याला २ टन. आपण नवखे, म्हणून निम्मेच, १ टन धरू. सात गुंठ्यांचे एकेक गुंठ्याचे सात पट्टे पाडा आणि दर आठवड्याला एक पट्टा कापा. सात आठवड्यांनी पहिला पट्टा पुन्हा तयार असतो. एका कापणीत गुंठ्याला सुमारे १४० किलो मिळाले तरी गरज भागते. ओळींत ३ फूट आणि कांड्यांत २ फूट अंतर ठेवल्यास गुंठ्याला सुमारे १८० कांड्या लागतात. सात गुंठ्यांना १,२६०, आणि नांग्या भरायला थोड्या जास्त. स्वतःची जमीन नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर वाट्याने लावता येते.

लागवड आणि निगा

लागवड मृगाच्या पावसानंतर किंवा पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. आपल्याकडे धानाच्या बांधीत पाणी साचते आणि नेपियरला साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून बांधीत न लावता धुऱ्यावर किंवा सरी-वरंब्यावर लावावे. कांडी तिरपी खोचावी, दोन डोळे मातीत आणि एक वर. पाणी साचणाऱ्या जागेला पॅरा गवत बरे आणि झाडांच्या सावलीला गिनी गवत. ही दोन्हीही आफ्रिकेचीच.

लावण्यापूर्वी गुंठ्याला क्विंटलभर शेणखत किंवा लेंडीखत घालावे. पहिले दोन महिने निंदण चुकवू नये. पहिली कापणी ६० ते ७५ दिवसांनी येते. पुढे प्रत्येक कापणीनंतर गुंठ्याला अर्धा किलो युरिया देऊन लगेच पाणी द्यावे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी हवेच. थंडीत गवत हळू वाढते आणि कापणी दोन महिन्यांवर जाते. त्या दिवसांसाठी तणस आणि तुरीचे, हरभऱ्याचे कुटार आधीच साठवून ठेवावे.

कापणी हीच खरी राखण

नेपियरची सगळी निगा एका कामात आहे, वेळेवर कापणे. जमिनीपासून अर्धा फूट ठेवून कापावे, अगदी बुडातून कापल्यास ठोंब मरतो. वेळ टळली की ताट लाकडासारखे होते, त्यातले प्रथिन उतरते आणि बकरी ते तुडवून टाकते. दुकानात पडून राहिलेल्या मालासारखीच ही गत आहे. दिसायला ढीग मोठा, किंमत काहीच नाही.

पण आपल्या जिल्ह्यांत न कापलेल्या नेपियरचे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. हे गवत माणसापेक्षा उंच वाढते. जुन्नरकडे उसाच्या फडात बिबटे राहू लागले, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. दाट वाढलेले नेपियर त्याहून वेगळे नाही. कोवळ्या चाऱ्याला चितळ, रोही आणि रानडुक्कर येतात आणि त्यांच्या मागे वाघ-बिबट येऊ शकतात. जंगलात जाणे टाळायला लावलेले गवत असे वाढू दिले तर आपणच जंगल दाराशी आणले असे होईल.

म्हणून काही नियम पाळावेत. घर, कोठा, विहीर आणि पायवाट यांना लागून नेपियर लावू नये, मध्ये मोकळी जागा ठेवावी. सात पट्ट्यांची पद्धत सोडू नये, म्हणजे सगळे गवत एकाच वेळी उंच होणार नाही. उजाडल्यावर, दोघांनी मिळून, बोलत आणि आवाज करत कापायला जावे. एकट्या बाईला किंवा मुलाला पाठवू नये. जास्त झालेले गवत उभे न ठेवता कापून शेजाऱ्याला द्यावे किंवा मुरघास करावा. तसेच ही परकी गवते, विशेषतः बी पडून पसरणारे गिनी, जंगलात किंवा नाल्याकाठी लावू नयेत. तिथे पवन्या आणि मारवेल ही आपली गवतेच शोभतात.

चारताना

गवत तीन फुटांपेक्षा कमी असताना चारू नये. कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट जास्त असते आणि ते अंगातले कॅल्शियम ओढते. खनिज मिश्रण आणि शेंगवर्गीय पाला सोबत द्यावा. युरिया दिल्यानंतर पाऊस ताणला असेल तर त्या पट्ट्याचा चारा काही दिवस थांबवावा, त्यातून विषबाधा होऊ शकते. कुट्टी करून दिल्यास नासाडी कमी होते. पावसाळ्याच्या तोंडी लुसलुशीत चारा एकदम भरपूर दिल्याने आंत्रविषार होतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्यावी. वाण आणि बेण्यासाठी सिंदेवाही आणि गडचिरोली येथील कृषी विज्ञान केंद्रांत आधी विचारावे.

ठोंब तीन-चार वर्षे चांगले चालतात, मग उपटून नवे लावावेत. कापडाच्या धंद्यात आम्ही म्हणतो, माल फिरता तर धंदा जिता. नेपियरचेही तसेच आहे.

माझ्या त्या खातेदाराने आता धुऱ्यावर नेपियर लावले आहे. मुलीचा बस्ता अखेर माझ्याच दुकानातून गेला. गेल्या वेळी आला तेव्हा पायात चिखल होता आणि कमरेला विळा. म्हणाला, "शेठ, लवकर आटपा. आज पट्ट्याचा दिवस आहे, उजेड असतानाच कापून यायचे आहे." मी गिऱ्हाईक बाजूला ठेवून त्याचे कापड आधी फाडून दिले.