आधी कनेक्टर तपासा
चार्जर काढताच लॅपटॉप बंद पडला की दोष बॅटरीच्या माथी येतो. आधी बॅटरीला मदरबोर्डशी जोडणारा कनेक्टर बघा. त्यात वीज नेणाऱ्या पिनांशेजारी संदेशाच्याही पिना असतात. त्यांवरून बॅटरी आपली स्थिती मदरबोर्डला कळवते. त्यातली एक वाकली, तरी सेल शाबूत असूनही चार्जिंग थांबू शकतं. भिंगातून काळवंडलेलं प्लास्टिक शोधा. तीन सेलच्या पॅकवर मल्टिमीटर साधारण ११ ते १२.६ व्होल्ट दाखवतो. शून्य दिसलं म्हणून बॅटरी लगेच फेकू नका. काही पॅक मदरबोर्डला जोडल्याशिवाय वीज सोडतच नाहीत! पिन सरळ करायला धातूचा चिमटा मुळीच नको, लाकडी टूथपिक घ्या. दोन पिना एकमेकींना टेकल्या तर फ्यूज उडू शकतो. वितळलेला कनेक्टर मात्र अनुभवी कारागिराकडूनच बदलून घ्यावा.