नऊ आकडे आणि एक गाव

उरणजवळच्या मोरा बंदरावरून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते, तेव्हा प्रवाशाला कोणी गाव विचारीत नाही. तिकीट घ्यायचे आणि बसायचे. गाव विचारले जाते ते पाण्यापलीकडे, अनोळखी माणसांत. कोकणच्या या पट्ट्यातल्या एका समाजाने त्याचे उत्तर आडनावातच बांधून ठेवले आहे: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर. हा समाज बेने इस्रायलांचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पनवेलला त्यांचे १८४९ सालचे 'बेथ एल' हे प्रार्थनामंदिर आहे.

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाली आणि पुढे यातली हजारो मराठी कुटुंबे तिकडे गेली. दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा ही त्यांची नवी गावे. नव्या देशात पाऊल टाकल्यावर आधी करायची ती ओळखक्रमांकाची नोंद. ८ नोव्हेंबर १९४८ रोजी त्या सरकारने लोकांना काही तास घरातच थांबवून शिरगणती केली आणि नोंदणीला सुरुवात झाली. नंतर येणाऱ्यांची नावेही त्याच नोंदवहीत चढत गेली.

आज हा क्रमांक नऊ आकडी असतो आणि जन्मभर बदलत नाही. बँक, दवाखाना, शाळा, सैन्य, मतदान, कुठेही जा, तो लागतोच. त्यातला नववा आकडा पडताळणीचा. पहिल्या आठ आकड्यांना आलटूनपालटून एकाने आणि दोनाने गुणायचे, गुणाकार दोन आकडी आला तर त्याचे आकडे मिळवायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती दहाच्या पटीत नेण्यासाठी जे कमी पडेल, तो नववा आकडा. लिहिताना एक आकडा जरी चुकला, तरी हिशेब जुळत नाही.

नावाला मात्र असा राखणदार नाही. रोजच्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हे देत नाहीत, 'प' आणि 'फ' यांना अक्षर एकच, आणि 'ण' तर नाहीच. तेव्हा पेणकरांनी आपले गाव स्वतः उच्चारून दाखवावे, हे बरे!

पण खरा प्रश्न पुढेच उभा राहिला. क्रमांक मिळाला, नागरिकत्व मिळाले. तरी १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यूंचे लग्न तिथे धर्मपीठामार्फतच लागते. म्हणजे सरकारी वहीत जे ज्यू, तेच बोहल्याशी संशयित ठरले! समाजाने आंदोलन केले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये लोक ठाण मांडून बसले, प्रकरण संसदेत गेले. ते ज्यूच आहेत, असे तिथे स्पष्ट सांगितले गेले आणि सूचनेतून या समाजाचे नाव निघाले.

इकडे मागे राहिलेल्यांचीही एक नोंद बाकी होती. अनेक सरकारी कागदांत त्यांचा धर्म 'इतर' या रकान्यात पडे. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा कुठे आपला रकाना मिळण्याची वाट मोकळी झाली.

आज आपल्याही घरोघरची मुले परदेशी जातात. तिथे पोचल्यावर फोनवर पहिली बातमी येते ती नंबर मिळाल्याची. आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो, आणि ते योग्यच आहे. नंबराशिवाय ना खोली भाड्याने मिळते, ना पगार. पण बेने इस्रायलांची गोष्ट सांगते, की वहीत नाव चढणे आणि माणसांनी आपले म्हणणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर त्यांनी स्वतः चालून कापले, आणि तेही आडनावातले गाव न सोडता. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनीच चालवले.

नातवंडांना नंबर आपोआप पाठ होतो. गाव मात्र कोणीतरी बसून सांगावे लागते. पुढच्या सुट्टीत ती आली, की एकदा मोऱ्याच्या लाँचमध्ये बसवा आणि विचारा, 'बाळा, तू कुठला?'